चोथ्याची नानकटाई

२२ ऑक्टोबर २००७, सोमवार

काल दसरा झाला. सोनं वाटलं. आजपासून रोजनिशी. कोणी वाचायची नाही, म्हणून अगदी खरं लिहिणार.

निर्णय पहिला: हायवेवरचा बार बंद.

कारण दिपाली. पोरीने मुलगा पसंत केलाय. नाव देवेश, गाव वज्रेश्वरी. वळ गावातल्या ज्या गोडाऊनमध्ये ती अकाउंट्सला बसते, तिथेच तो डिस्पॅचला आहे. (गोडाऊनची जमीन आमचीच. तेव्हा एका अर्थी मुलगा माझ्याच शेतात सापडला.) मुलगा सज्जन. मी पाणी मागितलं तर ग्लास विसळून आणला. अडचण एकच. घराणं माळकरी. त्याचे वडील लडकूशेठ यांनी माळ घातल्यापासून, ज्या घरात दारू आहे त्या घरचं पाणीही ते पीत नाहीत म्हणे. मध्यस्थाने स्पष्ट सांगितलं, पहिला प्रश्न येणार तो हाच, की मुलीचे वडील घेतात का.

दिपाली दोन दिवस नीट जेवलेली नाही. मला बघून ताट घेऊन आत जाते.

विनिता म्हणाली, मग सोडून द्या ना. बायकोला प्रत्येक गोष्टीचा शॉर्टकट दिसतो.

मी खोलात जाऊन विचार केला. बार सोडणं आणि पिणं सोडणं या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. माणूस दिसतो तो बारमध्ये. स्वतःच्या गच्चीवर कोण बघायला येतंय? भाचा कुणाल जहाजावर कुक आहे. गणपतीत आला तेव्हा घरी बियर बनवायचं एक इंग्रजी पुस्तक आणि यीस्टची पाकिटं देऊन गेला, गंमत म्हणून. गंमत त्याला वाटली. मला त्यात मार्ग दिसला.

बियर म्हणजे तसं बघायला गेलं तर जवच. जव देवाच्या कामाला चालतो.

२४ ऑक्टोबर, बुधवार

वाण्याकडून जव आणला. एवढा जव बघून त्याने विचारलं, शेठ, घरी होम आहे काय. हो म्हणालो. खोटं कुठे आहे? चूल पेटवणारच आहे.

पुस्तकात लिहिलंय की जवाला मोड आणून, वाळवून, भरडून घ्यायचा. विनिताला विचारलं मुगाला मोड कसे आणतेस. ती म्हणाली, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज विचारताय. पण दाखवलं. ओल्या फडक्यात बांधून टोपात ठेवलाय.

आक्काने फडकं उचकटून पाहिलं. म्हणाली, आत्ता तर घट उठले, तू परत कशाला पेरायला घेतलंस रं. आईला प्रोसेस समजवायच्या भानगडीत पडलो नाही.

२७ ऑक्टोबर, शनिवार

मोड उत्तम. गच्चीवर पसरले. दुपारी जाऊन बघतो तर जव पांढरा. आधी वाटलं बुरशी. मग कळलं, मागच्या आळीतल्या पॉवरलूमचा कापूस. खिडक्या उघड्या टाकतात आणि सगळा कापूस आमच्या गच्चीवर. खाली जाऊन लूमवाल्याला झापलं. तो म्हणाला, भाऊ, बीस साल से उड रहा है, आज पहली बार ऊपर गये क्या. उद्धट माणूस. तरी त्याने गाळायला ग्रे, म्हणजे मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडाचा एक तुकडा दिला, म्हणून सोडून दिलं.

कापूस वेचायला आक्का आणि दिपाली बसल्या. मी देखरेख केली.

मिक्सर लावणार तोच लोडशेडिंग. उद्योजकाचा या शहरात कोणी विचारच करत नाही.

२८ ऑक्टोबर, रविवार

ऐतिहासिक दिवस. पहिली बॅच!

गच्चीवरच्या खोलीत शेगडी मांडली. भरडलेला जव गरम पाण्यात मुरवला, ग्रे कापडातून पिळला. काय रंग! अस्सल सोनेरी. कडवटपणासाठी पुस्तकात हॉप्स नावाचा पाला सांगितलाय. तो भिवंडीत कुठून मिळणार? काष्ठौषधीच्या दुकानात गेलो आणि जगात सगळ्यात कडू काय ते द्या म्हणालो. त्याने काडेचिराईत दिली. उकळत्या पाण्यात मूठभर टाकली.

यीस्टच्या बाबतीत मी पुस्तकात सुधारणा केली. ते म्हणतात, पाणी पूर्ण थंड होऊ द्या, मग यीस्ट घाला. इतका वेळ कोणाला आहे? चहात साखर गरम असतानाच विरघळते. उकळी चालू असतानाच पाकीट रिकामं केलं. क्षणात विरघळलं. गोऱ्यांना साध्या साध्या गोष्टी सुचत नाहीत.

दुसरी सुधारणा: बाटल्या लगेच गच्चीवरच्याच खोलीतल्या जुन्या फ्रीजमध्ये. पुस्तक म्हणतं दोन आठवडे बाहेर ठेवा. आमच्या ऑक्टोबरमध्ये बाहेर दूध टिकत नाही. शिवाय बियर थंडच चांगली लागते.

सरबताच्या रिकाम्या बाटल्या वापरल्या, म्हणजे कोणाला संशय नको.

३० ऑक्टोबर, मंगळवार, संध्याकाळी सात

दोन आठवडे थांबायचं ते थंड देशातल्या लोकांनी. चाखली.

पहिल्या घोटाला जरा औषधासारखी. उंची मालाची सुरुवात अशीच असते. अर्ध्या ग्लासातच कानशिलं गरम झाली. दुसऱ्या ग्लासाला गच्ची हलकीशी फिरली. स्ट्राँग! बारवाला आयुष्यभर मला पाणी पाजत होता हे आज कळलं.

दोन जुनी भजनं आणि एक हळदीचं गाणं मोठ्याने म्हटलं. खाली उतरलो तेव्हा पाय माझे नव्हते.

विनिताने तोंड जवळ आणून वास घेतला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग जेवायला वाढलं, एक शब्दही बोलली नाही. नवऱ्याचं कर्तृत्व बघून बायको गप्प होते ती अशी.

३१ ऑक्टोबर, बुधवार

हँगओव्हर. डोकं जड, जिभेवर कडू. लिंबूपाणी घेतलं. लघवीला मात्र चार वेळा जाऊन आलो. बियरने शरीर आतून धुऊन निघतं असं ऐकलं होतं, ते खरं.

नवी अडचण. गाळून उरलेला चोथा. बादलीभर. सकाळी गच्चीवर माशांची जत्रा. विनिता म्हणाली, हे आजच्या आज हलवा, नाहीतर मी तुम्हाला हलवीन. आक्का म्हणाली, म्हशी असत्या तर त्यांनी आवडीनं खाल्लं असतं, पन म्हशी इकल्यास तू. जमीन गोडाऊनला दिल्यापासून घरात काहीही झालं की म्हशी निघतात. कोपऱ्यावरच्या कोंबड्यांना टाकून बघितलं. एका कोंबडीने मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

सायबर कॅफेत जाऊन बसलो. अमेरिकेत लोक या चोथ्याची बिस्किटं करतात! आणि आवडीने खातात. फोटोसुद्धा आहेत.

आता डबल प्रॉडक्ट. बियर माझी, बिस्किटं जगाला. दिवाळी तोंडावर आहे, लडकूशेठांच्या घरी फराळाचा डबा जाणार, त्यात मुलीच्या बापाच्या हातची बिस्किटं. कोणता व्याही वितळणार नाही? दिपालीचं लग्न मी या चोथ्यावर जमवणार.

१ नोव्हेंबर, गुरुवार

चोथा, मैदा, वनस्पती तूप आणि साखर घेऊन बेकरीत गेलो. दिवाळीआधी आपला माल घेऊन नानकटाई भाजून घ्यायला बायका तिथे रांगा लावतात. आज रांगेत मी एकटा पुरुष. बायकांनी डब्यावर पदर घातले, जसा काही मी बघून रेसिपी चोरणार आहे. उलट मीच माझी बादली झाकली.

भट्टीवाले चाचा बादलीत हात घालून म्हणाले, सेठ, घोडा लिया है क्या? मी सांगितलं, चाचा, ये अमेरिका में चलता है. ते म्हणाले, अमेरिका में चलने दो, मेरी भट्टी में नहीं चलेगा, गीला है, ट्रे से चिपकेगा. मी म्हणालो, जबाबदारी माझी.

चिकटलं.

कालथ्याने खरवडून काढावं लागलं. मागची बाई म्हणाली, माझ्या ट्रेला याचा वास लागला तर भरून द्यावा लागेल. घरी आणलेला ऐवज बिस्किट म्हणून ओळखता येत नव्हता. चव मात्र चांगली होती. जरा भुश्यासारखी, पण त्यालाच फायबर म्हणतात. आक्काने एक तुकडा तोंडात घेतला आणि कवळी काढून हातात धरली. दिपालीने हसून हसून डोळे पुसले. निदान पोरगी हसली. दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा.

संध्याकाळी दोन ग्लास. दुःख विसरायला कडक माल हवाच. चांगली चढली.

४ नोव्हेंबर, रविवार

वज्रेश्वरीला बोलणी. मी, विनिता, दिपाली. एसटीत जागा मिळाली, म्हणजे शकुन चांगला.

लडकूशेठ अंगाने मोठे, आवाजाने त्याहून मोठे. देवेशची आई सीताबाई गरीब बाई, सारखी दिपालीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. चहा झाला, जमिनीच्या गप्पा झाल्या, गोडाऊनवाल्यांच्या झाल्या. मला वाटलं सुटलो. तर लडकूशेठ उठले आणि म्हणाले, चला व्याही, देवीला जाऊन येऊ.

देवळाच्या पायऱ्या चढलो. वर देवीसमोर त्यांनी माझा हात धरला आणि सरळ विचारलं, की मी कोनाची निंदा करत न्हाय, पन माझ्या पोराची बायको ज्या घरातून येनार, त्या घरात दारू हाय का न्हाय, एवढं देवीम्होरं सांगा.

मागे बघितलं. दिपाली दोन पायऱ्या खाली उभी होती. ओढणीचं टोक मुठीत घट्ट धरून.

मी म्हणालो, माझ्या घरात दारूचा थेंब नाही.

लडकूशेठांनी मिठी मारली. सीताबाईंनी डोळे पुसले. येत्या अठराला ते सगळे आमच्याकडे येणार, घर बघणार, आणि तुळशीचं लग्न लागलं की साखरपुडा.

तिथल्या गरम पाण्याच्या कुंडात पाय सोडून विचार करत बसलो. (पाय भाजला. डावा.) तसं बघितलं तर मी खोटं बोललोच नाही. मी म्हणालो 'घरात'. फ्रीज आहे गच्चीवर. गच्ची म्हणजे घर नव्हे, वर आभाळ आहे. आणि दारू म्हणजे दारू, बियर म्हणजे बियर. दोन्ही शब्द वेगळे आहेत म्हणजे वस्तूही वेगळ्या असणार.

तरी देवीचे डोळे आठवतात. आज ग्लास घेतला नाही. एकच घेतला.

६ नोव्हेंबर, मंगळवार

निर्णय: घेणं अठरापर्यंत बंद. नवी बॅच मात्र काल झाली होती, ती वाया कशी घालवणार? म्हणून ही बॅच संपली की बंद.

बिस्किटांवर लक्ष केंद्रित. यावेळी चोथा कडकडीत वाळवला. कापूस पडू नये म्हणून वर मच्छरदाणी बांधली. गिरणीवाल्याने सगळ्यात शेवटी दळून द्यायचं कबूल केलं, म्हणाला तुमच्या मागून कोणाचे गहू टाकले तर तो मला दळेल.

विनिता म्हणाली, मी मळून देते, तुम्ही फक्त बाजूला बसा. रेसिपी माझीच. तिने फक्त वनस्पतीऐवजी साजूक तूप घेतलं, साखर दळून घेतली, वेलची-जायफळ घातलं, मैदा वाढवला आणि माझा चोथा निम्म्याहून कमी केला. बाकी सगळं माझंच.

बेकरीत चाचांनी ट्रे बाहेर काढला, एक तोडून खाल्ली, परत एक खाल्ली. म्हणाले, सेठ, अब घोडे को मत देना. रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. कसली पिठी घातली असं एकीने विचारलं. मी म्हणालो, ट्रेड सीक्रेट. विनिता म्हणाली, जवाची. तिला बिझनेसमधलं काही कळत नाही.

आक्काने चहात बुडवून सहा खाल्ल्या. कवळी जागेवर. म्हणाली, ही बरी झाली हो. एवढंच म्हणाली, पण मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. जमीन गेल्यापासून माझ्या हातच्या कुठल्याही गोष्टीला आई बरी म्हणाली नव्हती.

१० नोव्हेंबर, शनिवार, पाडवा

देवेश फराळाचा डबा न्यायला आला. चकल्या, करंज्या, अनारसे आणि सगळ्यात वर माझी नानकटाई. विनिताला वाटत होतं ती खाली ठेवावी. मी वर ठेवली. मार्केटिंग.

विनिताने ओवाळलं. संध्याकाळी गच्चीवर एकटाच बसून दोन ग्लास घेतले. इतकी चढली की शेजारच्या गच्चीवर फटाके लावणाऱ्या पोरांना दहा मिनिटं उपदेश केला. विनिता वर आली, मला धरून खाली नेलं. हसत होती. पाडवा गोड झाला.

१४ नोव्हेंबर, बुधवार

डबा परत आला. रिकामा कसा पाठवतील? पापड भरून. देवेशच आणून देऊन गेला, आणि त्याने सांगितलेलं ऐकून मी स्टुलावर बसलो.

लडकूशेठांना नानकटाई फार आवडली. त्यांना साखरेचा त्रास, मुतखड्याचाही. डॉक्टरांनी जव खा म्हणून सांगितलेलं. बिस्किट जवाचं आणि तेही व्याह्याच्या हातचं (हे दिपालीने फोनवर सांगून टाकलं) म्हटल्यावर त्यांनी अर्धा डबा भजनी मंडळात वाटला. मंडळाने विठ्ठलापुढे ठेवून मग खाल्ली. आता अठराला आले की ती कशी होते ते सगळं त्यांना बघायचंय. जव कुठे भिजवता, कुठे वाळवता, सगळं.

सगळं गच्चीवर होतं!

म्हणजे माझ्या बियरचा चोथा विठ्ठलासमोर जाऊन आला. अख्ख्या माळकरी मंडळाला मी बाटवलं. हे कळलं तर साखरपुडा राहिला बाजूला, वज्रेश्वरीच्या रस्त्याला पाय ठेवता यायचा नाही. दिपाली आत गुणगुणत फाइल आवरत होती. हल्ली दोन चपात्या जास्त खाते.

भीतीने एक ग्लास घेतला. औषधापुरती.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

प्लॅन तयार. अगदी मिलिटरी.

एक, बाटल्या आदल्या दिवशी हलवायच्या. दोन, फ्रीज धुवायचा. तीन, गच्चीवर फक्त वाळत घातलेला जव दिसेल, बाकी काही नाही. चार, लडकूशेठांना जेवणात असं अडकवायचं की जिना चढायची ताकद राहणार नाही. विनिताला वालाचं बिरडं, तांदळाच्या भाकऱ्या, खीर आणि वर पुरणपोळीही करायला सांगितली. ती म्हणाली, चढतील की आरामात, एवढी भीती कसली. तिला परिस्थितीचं गांभीर्य नाही.

१७ नोव्हेंबर, शनिवार

बाटल्या हलवायच्या होत्या. पण कुठे? शेजाऱ्याकडे ठेवल्या तर तो पिणार. गटारात ओतायला गेलो, पहिली बाटली तिरकी केली, आणि हात धजला नाही. स्वतःची निर्मिती आहे. सोन्यासारखा रंग. परत फ्रीजमध्ये ठेवल्या. वरून कोथिंबीर पसरली. कोणाला कळणार नाही.

१८ नोव्हेंबर, रविवार

झालं ते क्रमाने लिहितो.

लडकूशेठ, सीताबाई आणि देवेश अकराला आले. दिपालीने निळी साडी नेसली होती. जेवले. लडकूशेठांनी तीन पुरणपोळ्या खाल्ल्या आणि मी चौथी वाढेपर्यंत उठून जिन्याकडे चालू लागले. मी म्हणालो, जरा आडवे व्हा. ते म्हणाले, जव बघतो आनि मग पडतो.

आक्का सोडून सगळेच मागोमाग वर आले. गच्चीवर जव दाखवला. मच्छरदाणी दाखवली. त्यांनी फार कौतुक केलं. ऊन होतं. म्हणाले, तहान लागली, आणि मी काही करायच्या आत खोलीत शिरून फ्रीज उघडला. कोथिंबीर बाजूला केली. बाटली काढली, बूच उडवलं, नाकाला लावली.

दिपालीने देवेशचा हात धरला होता.

लडकूशेठांनी वास घेतला आणि चेहरा फुलला. म्हणाले, वा! जवाचं पानी. काडेचिराईत पन घातलीय. माझ्या डॉक्टरनं अगदी ह्येच सांगितलंय. आणि बाटली तोंडाला लावून गटागटा अर्धी संपवली.

मी वाचलो होतो. देवीने मला वाचवलं होतं. तोंड मिटून उभं राहायचं, बस एवढंच करायचं होतं.

पण जवाचं पाणी? महिनाभर राबलो, मोड आणले, कापूस वेचला, इंग्रजी पुस्तकात सुधारणा केल्या, आणि हा माणूस त्याला जवाचं पाणी म्हणतोय? माझ्या तोंडून शब्द कधी गेले कळलंच नाही. मी म्हणालो, शेठ, काहीतरी गैरसमज होतोय. ती बियर आहे. अस्सल बियर. मी स्वतः बनवलीय.

विनिताने कपाळावर हात मारला. दिपाली माझी बाही ओढत होती. बाबा, गप्प बसा. बाबा, प्लीज.

लडकूशेठ हसले. म्हणाले, कशाला थट्टा करताय गरिबाची. मी म्हणालो, थट्टा नाही, दोन ग्लासात माणूस आडवा होतो. ते म्हणाले, व्याही, माळ घालायच्या आधी मी काय काय पिऊन बसलोय त्ये तुमाला म्हायत न्हाय, मोहाची, ताडी, इंग्लिश, काय ठेवलं न्हाय, आनि ही बियर न्हाय. मी पुस्तक आणून दाखवलं. पाकिटं दाखवली. आवाज चढला माझा. ही बियर आहे म्हणजे आहे!

शेवटी पुरावा म्हणून कुणालला फोन लावला. तो सुट्टीवर डोंबिवलीलाच होता. स्पीकरवर टाकला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. म्हणालो, सांग यांना, मी काय बनवतो ते. त्याने विचारलं, मामा, यीस्ट कधी टाकता? मी छाती पुढे काढून सांगितलं, उकळी चालू असतानाच. मग बाटल्या सरळ फ्रीजमध्ये.

मग कुणाल हळूच म्हणाला, मामा, यीस्ट जिवंत असते हो. उकळत्यात टाकलीत म्हणजे मेली ती बिचारी. आणि समजा एखादी जगली असती तरी फ्रीजमध्ये ती काय करणार होती? तुम्ही काढा बनवलाय मामा. तब्येतीला चांगला आहे.

एवढ्यात आक्का वर आली, हातात तांब्या. फ्रीजमधली दुसरी बाटली तांब्यात ओतली आणि सीताबाईंना म्हणाली, मी रोज सकाळी घेते हो, लघवीची जळजळ पार गेली.

गच्चीवर सगळे हसत सुटले. देवेश भिंतीला टेकून हसला. लडकूशेठांनी उरलेली बाटली संपवली, माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, देवीम्होरं तुमी खरंच बोलला होता. साखरपुडा पक्का. वर म्हणाले, अशा दहा बाटल्या द्या.

दिपाली एकटी हसली नाही. पाणी आणायला म्हणून खाली गेली. मी मागे गेलो. ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. म्हणाली, त्यांनी खरं मानलं असतं तर, बाबा? तुम्ही त्यांना पटवत होतात. हट्टाने पटवत होतात.

खरंच पटवत होतो. पोरीचं लग्न एका बाटलीच्या अभिमानापायी मोडायला निघालो होतो, आणि ते वाचलं ते मला बियर बनवता येत नाही म्हणून.

१९ नोव्हेंबर, सोमवार, रात्री आठ

सकाळपासून बरेच निर्णय घ्यायचे होते. घेतले नाहीत.

सीताबाईंचा फोन आला, साखरपुड्याला नानकटाई हवीय, वहिनींच्या हातची. 'वहिनींच्या' असंच म्हणाल्या. बेकरीतल्या दोन बायकांनीही विनिताकडे ऑर्डर दिलीय. तिने गच्चीवरची खोली मागितली. घे म्हणालो.

संध्याकाळी दिपाली चहा घेऊन वर आली. राग उतरला होता. मी विचारलं, तुला कधी कळलं? ती म्हणाली, पहिल्याच दिवशी, एक घोट घेऊन बघितला होता. मम्मीला तर तुमच्या तोंडाचा वास घेतला तेव्हाच. मी म्हणालो, मग मला कोणी सांगितलं का नाही? तीन आठवडे मला गाऊ दिलंत?

ती कप फिरवत राहिली. मग म्हणाली, बाबा, तुम्ही रोज सातला घरी असायचात. मम्मी म्हणाली, कोणी काही बोलायचं नाही.

ती खाली गेल्यावर फ्रीज उघडला. शेवटची बाटली होती. दोन ग्लास घेतले. चढली नाही. थोडा वेळ थांबून तिसरा घेतला.

काही नाही.

खालून विनिताने हाक मारली, पानं वाढलीत. उतरलो आणि जेवायला बसलो.